सुरगाठ, निरगाठ आणि तिसरी गाठ

आजीच्या लोखंडी ट्रंकेच्या तळाशी एक दोरी असायची. सुताची, तीन पेडांची, टोकं उसवू नयेत म्हणून बारीक दोऱ्याने गुंडाळून घेतलेली. वापरून वापरून ती इतकी मऊ झाली होती की लहानपणी मी ती उशाशी घेऊन झोपत असे. गोष्ट सांगायला बसली की आजी आधी दोरी मागून घ्यायची. तोंडाने गोष्ट चालू आणि बोटांनी गाठी, मारायच्या आणि सोडवायच्या.

"गाठी दोन जातीच्या," ती म्हणायची. "एक सुरगाठ. टोक ओढलं की सुटली. दुसरी निरगाठ. ती सोडवायला दात लागतात." मग उजवं टोक डाव्यावरून, डावं उजव्यावरून नेऊन ती एक चपटी, देखणी गाठ मारायची. "आणि ही तिसरी. ताण असेल तोवर धरून ठेवते, आणि आपण म्हणू तेव्हा सुटते. ही मला पचमढीला मिळाली."

ती रीफ नॉट. गाईडमध्ये येणाऱ्या प्रत्येक मुलीला पहिल्यांदा शिकवतात ती. घरच्या बायकांच्या बोलण्यातून मला जो इतिहास मिळाला, तो या दोरीबरोबरच मिळाला. म्हणून तो तसाच सांगते आहे.

आजीचा जन्म १९३० चा, नगरच्या माळीवाड्यातला. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर आहे. जामखेड तालुक्यातल्या चौंडीत १७२५ साली जन्मलेल्या अहिल्याबाईंचं नाव जिल्ह्याला मिळालं याचा मला आनंदच आहे, पण आजीच्या तोंडी शेवटपर्यंत 'नगर' होतं आणि तिच्या गोष्टी सांगताना माझ्याही तोंडी तेच येतं.

तिच्या लहानपणी भिंगार कॅम्पात साहेबांच्या मुली निळ्या फ्रॉकमध्ये, गळ्यात रुमाल बांधून रांगेने चालताना दिसायच्या. आजी वडिलांबरोबर भिंगारला धान्याच्या कामाला जायची, तेव्हा तिने त्या पाहिल्या. त्यांच्या कमरेला दोरी होती. मुलींच्या कमरेला दोरी कशाला, हे तिला काही केल्या समजेना. घरी येऊन तिने आईला विचारलं तेव्हा आई म्हणाली, विहिरीवर जात असतील. आजी हे सांगताना थांबायची. "माझ्या आईला दोरीचा दुसरा उपयोगच माहीत नव्हता गं."

त्या मुली गर्ल गाईड होत्या. १९०९ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये बेडन-पॉवेल यांच्या स्काउट मुलांचा मेळावा भरला, तेव्हा काही मुली न बोलावता येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, आम्हीही स्काउट आहोत. पुढच्याच वर्षी गर्ल गाईड सुरू झाल्या, बेडन-पॉवेल यांची बहीण अ‍ॅग्नेस हिच्या देखरेखीखाली. भारतातलं पहिलं पथक १९११ साली जबलपूरला निघालं, तेही युरोपीय आणि अँग्लो-इंडियन मुलींसाठी. आपल्या मुलींना दार उघडायला आणखी काही वर्षं गेली. मला या सगळ्यात त्या न बोलावता आलेल्या मुलींचं फार कौतुक वाटतं. पुढे जे काही झालं त्याची सुरुवात त्यांच्या त्या उभं राहण्यातून आहे.

आजीला ते पथक हवं होतं. तिच्या शाळेतल्या एका बाईंनी विचारलंही होतं. पण गाईडच्या वचनात तेव्हा देवाबरोबर राजाशी निष्ठा होती, आणि पणजोबा खादी घालणारे. त्यांनी एका वाक्यात विषय संपवला: "इंग्रजाच्या राजाला शब्द देणारी पोर माझ्या घरात नको." १९३७ साली बेडन-पॉवेल भारतात आले असताना भारतीयांच्या चारित्र्याविषयी त्यांच्या तोंडचे म्हणून जे उद्गार पसरले, त्यांनी तर देशभर संताप उसळला होता. त्यातूनच १९३८ मध्ये हिंदुस्थान स्काउट असोसिएशन वेगळी निघाली. पणजोबांना हे सगळं ठाऊक होतं. आजीला ठाऊक होतं ते एवढंच, की आपल्याला दोरी मिळणार नाही.

मग १९४२ आलं. ९ ऑगस्टला मुंबईत काँग्रेसच्या नेत्यांची धरपकड झाली आणि त्यांतल्या बारा जणांना गाडीने नगरला आणून भुईकोट किल्ल्यात ठेवलं. नेहरू, पटेल, मौलाना आझाद, आचार्य नरेंद्र देव, आपले शंकरराव देव. सरकारने जागा जाहीर केली नव्हती. आजी सांगायची, किल्ल्याकडचा रस्ता एकाएकी बंद झाला आणि गावात कुजबुज सुरू झाली. बायका दळण घेऊन जाताना किल्ल्याच्या दिशेने बघायच्या आणि बोलायच्या मात्र भाकरी-भाजीचं. पणजोबा त्याच महिन्यात येरवड्याला गेले. ज्या गावचे अच्युतराव पटवर्धन भूमिगत होऊन शेवटपर्यंत इंग्रजांच्या हाती लागले नाहीत, त्या गावात तुरुंगात जाणं हे घरच्या कार्यासारखं होतं, असं आजी म्हणायची. पण घरात पुरुष नाही म्हटल्यावर पणजीवर जे आलं, ते ती फार हळू आवाजात सांगायची.

किल्ल्याच्या आत काय चाललं होतं ते तिला पुढे पुस्तकांतून कळलं. १९४४ च्या एप्रिल ते सप्टेंबरमध्ये नेहरूंनी तिथे 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहिलं. मौलाना आझादांनी 'गुबार-ए-खातिर'मधली पत्रं लिहिली. त्यांत त्यांच्या खोलीत घरटं करू पाहणाऱ्या चिमण्यांची एक लांबलचक हकीकत आहे. १९४३ च्या एप्रिलमध्ये त्यांच्या पत्नी कलकत्त्याला वारल्या. मौलाना तेव्हा आमच्या किल्ल्यात होते. ही गोष्ट आजी दरवेळी सांगायची आणि दरवेळी गाठ अर्धी ठेवून हात थांबवायची.

आजीला या गोष्टीची एवढी ओढ का होती, ते मला फार उशिरा उमगलं. स्वातंत्र्यानंतर देशात स्काउट-गाईडच्या निरनिराळ्या संघटना होत्या आणि त्यांचे आपापसात मानापमान होते. त्यांना एकत्र बसवण्याच्या खटपटीत पंतप्रधान नेहरू आणि शिक्षणमंत्री आझाद हे दोघे होते. हृदयनाथ कुंझरू, न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस अशी स्काउट चळवळीतली माणसंही होती. ७ नोव्हेंबर १९५० ला भारत स्काउट्स आणि गाईड्स ही एक संस्था झाली आणि १५ ऑगस्ट १९५१ ला गर्ल गाईड तिच्यात सामील झाल्या. वचनातला राजा गेला, तिथे देश आला. देवाच्या जागी ज्याला हवं त्याने धर्म म्हणावं, अशी मोकळीकही आली.

म्हणजे आमच्या किल्ल्यात कोंडलेल्या दोन माणसांनी बाहेर आल्यावर जी कामं केली, त्यांतल्या एका अगदी लहानशा कामामुळे माळीवाड्यातल्या एका मुलीला तिची दोरी मिळाली. आजी तेव्हा एकवीस वर्षांची, लग्न झालेली, मुलींच्या शाळेत नुकतीच लागलेली शिक्षिका होती. पणजोबांना ती सांगायला गेली. ते म्हणाले, "आता राजा नाही ना? मग जा."

मधल्या वर्षांत ती रिकामी बसली नव्हती, हे सांगायला हवं. १९४१ पासून राष्ट्र सेवा दलाच्या शाखा गावोगाव सुरू होत होत्या. आमच्या गल्लीतल्या मुली संध्याकाळी शाखेवर जायच्या, लेझीम खेळायच्या, मुलांच्या बरोबरीने रांगेत उभ्या राहायच्या. "मला घराबाहेर काढलं ते सेवा दलानं," आजी म्हणायची, "आणि घराबाहेर राहायला शिकवलं ते गाईडनं." या दोन्हींत फरक आहे. संध्याकाळी सातला घरी परतणं वेगळं आणि तंबूत रात्र काढणं वेगळं.

तसं पाहिलं तर मुलींना घराबाहेर काढण्याचं काम आमच्या गावात फार जुनं. सिंथिया फरार नावाची अमेरिकन बाई १८२७ साली मुंबईत उतरली आणि १८३९ पासून नगरला राहून तिने मुलींच्या शाळा चालवल्या. १८६२ मध्ये ती इथेच गेली. जोतीराव फुले १८४८ मध्ये मित्राबरोबर तिच्या शाळा बघायला आले आणि पुण्याला परतून त्यांनी मुलींची शाळा काढली. सावित्रीबाईंनी शिक्षिकेचं शिक्षण घेतलं तेही फरारबाईंच्या संस्थेत. आजीच्या आजीने फरारबाईंच्या शाळेत शिकलेली एक म्हातारी पाहिली होती म्हणे. ती रोज सकाळी पाटीवर स्वतःचं नाव लिहायची आणि पुसायची. एवढीच गोष्ट. पण चार पिढ्या ती आमच्याकडे टिकून आहे.

पचमढी म्हणजे मध्य प्रदेशातलं थंड हवेचं ठिकाण. १९५६ पासून भारत स्काउट्स आणि गाईड्सचं राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्र तिथे आहे. आजी गाईड कॅप्टनच्या शिबिराला तिथे गेली तेव्हा माझे वडील तीन वर्षांचे होते. नगरहून मनमाड, मनमाडहून भुसावळ, इटारसी, मग पिपरिया आणि तिथून घाट. आयुष्यातला पहिला एकटीचा प्रवास. सासूबाईंनी बरोबर बाजरीच्या भाकऱ्या आणि शेंगदाण्याची चटणी दिली आणि निघताना एवढंच म्हणाल्या, "रात्री उघड्यावर झोपू नको." आजी दहा रात्री तंबूत झोपली आणि ते घरी येऊन सांगितलं. सासूबाई दोन दिवस बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, "थंडी नव्हती का?"

तिने तिथे एक वही केली होती. दोनशे पानी, जाड पुठ्ठ्याची. डाव्या पानावर शिकवलेलं: शिट्टीचे इशारे, खुणांवरून माग काढणं, बिनभांड्यांचा स्वयंपाक, त्रिकोणी पट्टी, गाठी. उजव्या पानावर तिच्या मनातलं. क्लोव्ह हिचच्या समोर तिने लिहिलं आहे: 'आपल्याकडे शेळीचा खुंट असाच बांधतात.' बोलाइनच्या समोर: 'पोहऱ्याची गाठ. आईची.' पणजीची गाठ एवढ्या लांब जाऊन पुस्तकात भेटली होती. मी ती वही उघडते तेव्हा त्या दोन शब्दांपाशी थांबतेच.

१६ ऑक्टोबर १९६६ ला पुण्यात 'संगम' उघडलं, तेव्हा आजी एस.टी.ने पुण्याला गेली होती. गाईडची चार जागतिक केंद्रं तेव्हा झाली. स्वित्झर्लंड, इंग्लंड आणि मेक्सिकोनंतरचं हे चौथं, आळंदी रस्त्यावर, आपल्या पुण्यात. उद्घाटनाला लेडी ओलेव्ह बेडन-पॉवेल स्वतः आल्या होत्या. आजी म्हणायची, "ज्यांच्या नवऱ्याच्या बोलण्यावर माझे वडील एवढे चिडले होते, त्यांना मी हात जोडले. त्यांनी डावा हात पुढे केला." गाईड डाव्या हाताने हस्तांदोलन करतात. आपल्याकडे डावा हात पुढे करणं म्हणजे काय ते आजीला सांगायला नको होतं. तिने क्षणभर विचार केला आणि हात दिला. संध्याकाळी नगरच्या गाडीत बसल्यावर तिला वडिलांची आठवण येऊन रडू आलं. ते दोन वर्षांपूर्वीच गेले होते.

आता बहात्तरचा दुष्काळ. तो मला आत्याने सांगितला, कारण ती तेव्हा चौदा वर्षांची आणि आजीच्याच पथकात संघनायिका होती.

नगर जिल्ह्यात बहात्तरच्या गोष्टी नसलेलं घर नाही. अमेरिकेतून आलेला तांबडा मिलो, दुष्काळी कामावर मिळणारी सुकडी, खडी फोडून फुटलेले हात, पाझर तलावांच्या भिंतींवर मातीच्या पाट्या वाहणाऱ्या बायका. महाराष्ट्राची रोजगार हमी योजना त्याच दिवसांतून पुढे आली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. आत्याला यातलं काही फारसं आठवत नाही. तिला विहिरी आठवतात.

तिच्या मामाच्या गावची विहीर साठ-सत्तर फूट खोल होती आणि तळाला परातीएवढं पाणी. बायका आत उतरायच्या, वाटीने पाणी भरायच्या आणि वरच्यांनी घागर ओढायची. पायऱ्या अर्ध्यावर संपल्या होत्या. पुढे दगडांच्या खोबणींत बोटं रुतवून उतरायचं. एक गरोदर बाई घसरली आणि मधल्या कपारीत अडकली. तिला वर काढली, ती वाचली. पण ते ऐकून आजीने रविवारी पथकातल्या मोठ्या मुलींना बरोबर घेतलं आणि गाव गाठलं. पुढे किती तरी रविवार त्या विहिरीवर जात राहिल्या.

काम साधं होतं. उतरणाऱ्या बाईच्या कमरेला दोरी बांधायची आणि दुसरं टोक काठावरच्या लिंबाच्या बुंध्याला वेढा देऊन चौघींनी धरायचं. गाठ बोलाइन, कारण तिचा फास आवळत नाही. माणूस लटकला तरी पोटाला काच बसत नाही. बायका आधी हसल्या. शाळेच्या पोरी आम्हाला विहिरीत उतरायला शिकवणार! आजीने गाठ मारून दाखवली तेव्हा एक म्हातारी पुढे आली, गाठ हातात घेऊन फिरवून पाहिली आणि म्हणाली, "ही तर पोहऱ्याची." त्यानंतर कुणी हसलं नाही. पोहऱ्याला बांधतो ती गाठ बाईच्या कमरेला का बांधू नये, एवढाच तो प्रश्न होता आणि तो आजवर कुणी विचारला नव्हता.

आत्याचे तळहात सोलवटले होते. ती सांगते, दोरी धरून उभी असताना खालून बाईच्या श्वासाचा आवाज विहिरीत घुमून वर यायचा. मग "ओढा" अशी हाक. सगळ्यात वाईट म्हणजे आपल्याला तहान लागलेली असायची आणि त्या बाया पहिला तांब्या आपल्यालाच द्यायच्या. पथकातल्या मुलींनी ठरवून टाकलं होतं की तिथे पाणी प्यायचं नाही. गेल्या वर्षी हे सांगताना आत्या मध्येच उठून माठातलं पाणी प्यायला गेली आणि बराच वेळ आली नाही.

माझ्या स्वतःच्या गाईडपणाबद्दल सांगण्यासारखं थोडं आहे. लहान असताना मी बुलबुल झाले. दहा वर्षांपर्यंतच्या मुलींना आपल्याकडे बुलबुल म्हणतात आणि त्यांना कोमल पंख, रजत पंख, सुवर्ण पंख, हीरक पंख असे पंख मिळत जातात. पुढे गाईड झाले, प्रथम सोपान, द्वितीय सोपान करत तृतीय सोपानापर्यंत पोचले. राज्य पुरस्काराच्या शिबिराचं पत्र शाळेत आलं होतं, पण ते एका टेबलावर राहिलं आणि शिबिर संपल्यावर माझ्या हातात आलं. आजी तेव्हा आजारी होती. तिने पत्र वाचलं, घडी घातली आणि ट्रंकेत दोरीशेजारी ठेवलं. ते अजून तिथेच आहे.

आता मी शनिवारी सकाळी पाथर्डी रस्त्यावरच्या एका गावातल्या शाळेत गाईड पथकाला मदत करायला जाते. स्वयंसेविका म्हणून, मुली मला ताई म्हणतात. अठ्ठावीस मुली आहेत. दिवाळीनंतर मात्र अकराच उरतात. बाकीच्यांचे आईबाप मुकादमाची उचल घेऊन कारखान्यांच्या तळांवर ऊसतोडीला जातात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुलगी बरोबर गेली तर धाकट्या भावंडांना सांभाळायला आणि भाकरी थापायला. काही आजीपाशी राहतात. गुढीपाडव्याच्या आसपास पथक पुन्हा भरतं, आणि एखादी येत नाही. तिचं लग्न झालेलं असतं. मी त्या घरी जाते. कधी उपयोग होतो, अनेकदा होत नाही. आठवीतल्या मुलीने गाईडच्या 'खरी कमाई' उपक्रमात चहा विकून कमावलेले दीडशे रुपये आईच्या हातावर ठेवले, म्हणून तिचं लग्न दोन वर्षं पुढे गेलं असं मला वाटायचं. त्या आईनेच मला सांगितलं, "पैशामुळं नाही ताई. ती शिबिराला चार दिवस गेली अन् नीट परत आली. मग वाटलं, हिला काय घाई."

आजीच्या सासूबाईंचं ते "थंडी नव्हती का?" मला त्या अंगणात पुन्हा ऐकू आलं.

मुलींना मी पहिल्या हाइकला चाँदबिबी महालावर नेते. नगरची माणसं त्याला महाल म्हणतात, पण ती निजामशाहीतल्या सलाबतखानाची कबर आहे. वर पोचल्यावर हे सांगितलं की मुली दरवेळी हिरमुसतात. मग मी त्यांना आजीच्या शब्दांत चाँदबिबी सांगते: १५९५ च्या अखेरीस मुघलांनी किल्ल्याला वेढा दिला, सुरुंगाने तट पाडला, तेव्हा ती तोंडावर बुरखा आणि हातात तलवार घेऊन खिंडारात उभी राहिली आणि रातोरात तट बांधून काढला. आजी इथे नेहमी आपलं एक वाक्य घालायची: "तट काय तिनं एकटीनं बांधला? दगड देणाऱ्या बायका असतील." वरून किल्ला दिसतो का, म्हणून मुली हात कपाळाशी नेऊन बघत राहतात.

गेल्या ज्येष्ठात त्र्यंबकेश्वरहून पंढरपूरला निघालेली निवृत्तिनाथांची पालखी नगरला आली, तेव्हा पथकातल्या नऊ मुलींना घेऊन मी पाणी वाटायला गेले. आकाशी गणवेश, गळ्यात रुमाल, कमरेला दोरी. दुपारी एका वारकरी आजीच्या गाठोड्याचा बंद तुटला. सातवीतली एक मुलगी धावली आणि तिने तुटलेली दोन टोकं झटकन रीफ नॉटने जोडून दिली. म्हातारीने गाठोडं उचलून हिसडा दिला. गाठ टिकली. तरी ती मान हलवत खाली बसली, गाठ सोडली, मुलीला समोर बसवलं आणि बंदाचं टोक आणखी एकदा आतून फिरवून घेत काहीतरी वेगळंच बांधलं. मग सोडून मुलीच्या हातात दिलं. मुलीचं दोनदा चुकलं. टाळ पुढे गेले तरी म्हातारी उठली नाही. तिसऱ्यांदा जमलं तेव्हा तिने मुलीच्या गालावरून बोटं फिरवली, गाठोडं खांद्याला लावलं आणि भरभर चालत दिंडी गाठली.

मुलगी माझ्याकडे आली. "ताई, ही गाठ पुस्तकात नाही."

मी पिशवीतून आजीची वही काढली आणि तिला उजवं पान उघडून दिलं. नाव काय लिहू, असं तिने विचारलं. आम्ही दोघींनी दिंडीच्या दिशेने पाहिलं. म्हातारी दिसेनाशी झाली होती. मुलीने खाली बसून, वही गुडघ्यावर ठेवून, आधी गाठीचं चित्र काढायला घेतलं.